मेटल डिटेक्टरची कॉइल पाण्यापासून कशी वाचवायची

कॉइल म्हणजे डिटेक्टरच्या दांड्याच्या टोकाला बसवलेली, जमिनीवरून फिरवायची तबकडी. डिटेक्टरच्या खोक्यावर 'वॉटरप्रूफ कॉइल' असं छापलेलं असतं आणि बरेच जण तेवढ्यावर निर्धास्त होतात. पण कॉइलमध्ये पाणी शिरतं ते शक्यतो सपाट, भरीव भागातून नाही. ते शिरतं तीन जागांतून: केबल जिथे कवचात घुसते ते तोंड, दांड्याला जोडणाऱ्या कानांच्या मुळाशी पडलेली केसासारखी भेग, आणि केबलच्या आवरणाला गेलेली एखादी चीर. शिवाय ते नुसतं झिरपत नाही. बऱ्याचदा तापलेली कॉइलच त्याला आत ओढून घेते. म्हणून या कामात सीलंटच्या ट्यूबपेक्षा सवयी जास्त उपयोगी पडतात. ट्यूब कुठे लावायची, कुठे नाही, तेही पुढे येईलच.

आत पाणी गेलं की काय बिघडतं

बहुतेक घरगुती डिटेक्टर व्हीएलएफ, म्हणजे अतिशय कमी वारंवारतेवर चालणाऱ्या प्रकारचे असतात. त्यांच्या कॉइलमध्ये इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या असतात, एक प्रक्षेपण करणारी आणि दुसरी ग्रहण करणारी. दोन्हींची जागा अशी साधलेली असते की जवळ धातू नसेल तेव्हा पहिलीचा सिग्नल दुसरीत जवळपास शून्य यावा. यालाच नल म्हणतात. ही जुळणी इतकी नाजूक असते की गुंडाळी अर्धा मिलिमीटर जरी सरकली तरी मशीनला फरक कळतो. या गुंडाळ्यांभोवती ग्रॅफाइट मिसळलेल्या रंगाच्या थराचं किंवा पातळ पत्र्याचं शील्ड असतं. ओलं गवत, ओली माती यांच्यामुळे होणारा विद्युत परिणाम तेच अडवतं.

पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विद्युत क्षेत्रात भार साठवायला मदत करण्याचं माप, ८० च्या आसपास असतो, इपॉक्सीचा ३ ते ४, हवेचा १. म्हणजे गुंडाळी आणि शील्ड यांच्या मधल्या पोकळीत चमचाभर पाणी गेलं तरी तिथला कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलतो. ते पाणी एका जागी राहत नाही, कॉइल तिरकी केली की इकडून तिकडे वाहतं आणि कपॅसिटन्सही सतत बदलत राहतो. कॉइल जमिनीवरून फिरवताना प्रत्येक झोका संपतो तेव्हा दोन्ही टोकांना येणारे खोटे सिग्नल पुष्कळदा इथूनच येतात. पल्स इंडक्शन मशीन सलग सिग्नलऐवजी विजेचे छोटे झटके (पल्स) सोडतं. त्याच्या मोनो, म्हणजे एकाच गुंडाळीच्या कॉइलमध्ये नलचा प्रश्न नसतो. पण कपॅसिटन्स वाढला की पल्स संपल्यावर कॉइल शांत व्हायला जास्त वेळ लागतो आणि बारीक, पातळ वस्तूंचे झटपट विरणारे सिग्नल त्यातच बुडून जातात. मशीन सुरू असतं, आवाजही करतं, फक्त बारीक अंगठी सापडत नाही. हा बिघाड लवकर लक्षात येत नाही म्हणून जास्त त्रासदायक.

समुद्राचं पाणी याहून वाईट. त्याची विद्युतवाहकता मीटरला सुमारे ५ सीमेन्स, पिण्याच्या पाण्याच्या शेकडो पट. गोडं पाणी सुकलं की बहुतेक विषय संपतो. खारं पाणी सुकलं तरी मीठ मागे राहतं, ते हवेतला ओलावा पुन्हा ओढतं आणि तांब्यावर हिरवट गंज चढत जातो. दमट दिवशी बिघडणारी आणि कोरड्या दिवशी शहाण्यासारखी वागणारी कॉइल दिसली, तर आत मीठ असल्याचा संशय घ्यावा.

आयपीचा आकडा नीट वाचा

आयपी म्हणजे धूळ आणि पाणी यांपासून वस्तू किती सुरक्षित आहे ते सांगणारा दर्जा. आयपी ६७ म्हणजे १ मीटर खोलीवर ३० मिनिटं. आयपी ६८ म्हणजे त्याहून कडक परिस्थिती, पण किती खोल आणि किती वेळ हे उत्पादक ठरवतो, त्यामुळे ६८ या आकड्यावरून खोली कळत नाही. ती माहितीपुस्तिकेतच पाहावी लागते. हे आकडे आयईसी ६०५२९ या मानकातले. त्या चाचणीत नवा नग असतो, गोडं पाणी असतं आणि पाण्याचं व वस्तूचं तापमान जवळपास सारखं ठेवलेलं असतं. दोन वर्षं दगडांवर आपटलेली, उन्हात तापलेली कॉइल खाऱ्या लाटेत गेली तर काय होईल, यावर तो आकडा काहीच बोलत नाही.

दुसरी गोष्ट, कॉइल वॉटरप्रूफ म्हणजे मशीन वॉटरप्रूफ नव्हे. पुष्कळ मशीनमध्ये कॉइल पाण्यात बुडवता येते, कंट्रोल बॉक्सला मात्र शिंतोडेही चालत नाहीत. गॅरेट एटी प्रोसारखी मशीन पूर्णच ३ मीटरपर्यंत चालतात, पण तोही अपवाद समजूनच वागावं. दांड्यावर, कनेक्टरच्या वीतभर खाली रंगीत टेपची एक पट्टी गुंडाळून ठेवा आणि पाणी तिच्यावर जाऊ देऊ नका. पाण्यात वाकून खोदताना आपण नेमके किती खोल आहोत याचं भान राहत नाही, पट्टी समोर दिसते.

दाबाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब सांगतो. २८ सेंटिमीटर व्यासाच्या भरीव, गोल कॉइलच्या वरच्या पृष्ठभागावर १ मीटर खोलीला पाण्याचा सुमारे ६० किलोंचा भार येतो. ३ मीटरला तो १८० किलोंच्या पुढे जातो. आत इपॉक्सी ठासून भरलेली असेल तर कवच तग धरतं. आत फोम किंवा पोकळी असेल तर कवच किंचित दबतं, सुटतं, पुन्हा दबतं आणि सांध्यांवर ताण येत राहतो.

तापलेली कॉइल, थंड पाणी

सगळ्यात जास्त नुकसान करणारी सवय म्हणजे उन्हात पडलेली कॉइल उचलून थेट पाण्यात घालणं. काळ्या प्लास्टिकची कॉइल उन्हात सहज ५० अंशांपर्यंत तापते. ती २० अंशांच्या पाण्यात गेली की आत अडकलेल्या हवेचा दाब सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. हा फरक जवळपास १ मीटर पाण्याच्या दाबाइतका आहे. म्हणजे तुम्ही घोट्याभर पाण्यात उभे असलात तरी कॉइलच्या एखाद्या भेगेच्या दृष्टीने ती मीटरभर खोल गेलेली असते. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढावा तसं पाणी आत खेचलं जातं.

उपाय फुकटचा आहे. पाण्यात जाण्याआधी कॉइल वीसेक मिनिटं सावलीत ठेवा. घाई असेल तर ओलं फडकं कॉइलच्या सपाट भागावर टाका, पण कान आणि केबलचं तोंड टाळून. मग उथळ पाण्यात थोडा वेळ धरा आणि नंतरच पुढे जा. मधल्या सुट्टीत मशीन वाळूवर उन्हात आडवं टाकलं, तर हाच क्रम पुन्हा करावा लागेल. उन्हात बंद गाडीत कॉइल ठेवू नये तेही यासाठीच.

कडाक्याच्या थंडीत धोका वेगळा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. भेगेत राहिलेला थेंब रात्रीत गोठला की भेग लांबते आणि पुढच्या वेळी जास्त पाणी आत घेते. थंड प्रदेशात वापर झाल्यावर कॉइल पुसून घरात आणणं म्हणूनच गरजेचं.

बाहेर पडण्यापूर्वीची तपासणी

कॉइल नवी असतानाच एक गोष्ट करून ठेवा: कव्हर काढून, केबल आणि कनेक्टरसकट तिचं वजन करा आणि तो आकडा मशीनच्या पुस्तिकेत लिहून ठेवा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरतो. पुढे कधी संशय आला, तर कॉइल पुसून, तासभर वाळवून पुन्हा वजन करा. पाच-सात ग्रॅम वाढलेले दिसले तर ते आतलं पाणीच. मशीन कुरकुरायला लागण्याआधीच हे कळतं, आणि त्यासाठी काहीही उघडावं लागत नाही.

नंतर नजर आणि नख. बाजूने टॉर्चचा तिरपा प्रकाश टाकत कॉइल फिरवा, भेग असेल तर तिची सावली दिसते. संशय येईल तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तो नुसता ओरखडा नाही. कानांच्या मुळाशी सगळ्यात जास्त वेळ घालवा. दांडा घट्ट बसावा म्हणून प्लास्टिकचा बोल्ट जोर लावून आवळला जातो, कान आतल्या बाजूला दाबले जातात आणि तडा मुळातून कवचाकडे सरकतो. कॉइल ढिली पडते ती बहुतेक वेळा रबरी वॉशर झिजल्यामुळे किंवा त्यावर वाळू बसल्यामुळे. वॉशर धुवा, झिजले असतील तर बदला, बोल्ट बोटांनी आवळता येईल तेवढाच आवळा. त्याजागी लोखंडी बोल्ट घालण्याचा विचारही नको.

केबल हातातून बोटाबोटाने सरकवत तपासा. इथली छोटी चीर फसवी असते. आतली तार बारीक धाग्यांची असल्यामुळे पाणी त्या धाग्यांमधून वातीतल्या तेलासारखं चढत किंवा उतरत जातं. चीर वीतभर वर, आणि पाणी कॉइलमध्ये. कवच अगदी शाबूत असूनही कॉइल आतून ओली निघते ती यामुळे. केबल दांड्याभोवती गुंडाळताना कॉइलजवळ थोडी ढील ठेवा, नाहीतर कॉइलचा कोन बदलताना दर वेळी तोंडाशी ओढ बसते.

बुडबुड्यांची चाचणी

भेग दिसत नाही, पण गळतीचा संशय आहे, अशा वेळी टबात कोमट पाणी घ्या. ४० अंशांच्या आसपास, हाताला ऊबदार लागेल एवढंच. कॉइल सावलीत थंड झालेली हवी. कनेक्टर टबाबाहेर कोरडा ठेवून कॉइल पाण्यात दाबून धरा. पृष्ठभागावर चिकटलेले बुडबुडे आधी हाताने पुसून टाका. आता आतली हवा तापून फुगते आणि बाहेर यायला वाट शोधते. एकाच ठिकाणाहून ओळीने बुडबुडे येत राहिले तर गळती सापडली. तिथे पुसट होणार नाही अशा पेनने खूण करा.

यात महत्त्वाचं एवढंच, की पाणी निवायच्या आत कॉइल बाहेर काढायची. हवा बाहेर ढकलली जात असते तोवर पाणी आत येत नाही. टब निवू दिला तर उलटा प्रवास सुरू होतो आणि चाचणीच दुखणं होऊन बसते. दोन-तीन मिनिटं पुरेत. इपॉक्सीने ठासून भरलेल्या कॉइलमधून फारसे बुडबुडे येणार नाहीत, कारण आत हवाच नसते. तिथे वजनावर भरवसा ठेवावा.

केबलचं तोंड सील करणं

कॉइल वॉरंटीत असेल तर काहीही लावण्याआधी विक्रेत्याकडे न्या. सीलंट लावलेली कॉइल बदलून मिळणं कठीण. वॉरंटी संपली असेल तर पुढचा क्रम ठेवा.

१. कॉइल आतून पूर्ण कोरडी असल्याची खात्री करा. आत पाणी ठेवून वरून सील करणं हे काहीच न करण्यापेक्षा वाईट.

२. तोंडाभोवतीची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अॅसिटोन किंवा थिनर नको. पुष्कळ कॉइलचं कवच एबीएस प्लास्टिकचं असतं आणि अॅसिटोन ते विरघळवतो.

३. कवचाचा पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने किंचित खरखरीत करा. केबलच्या आवरणाला पेपर लावू नका.

४. न्यूट्रल क्युअर सिलिकॉन वापरा. लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना अॅसिटिक आम्ल सोडतं आणि ते तांब्याला खातं. दुकानात सर्रास मिळणाऱ्या स्वस्त ट्यूब याच प्रकारच्या असतात, म्हणून ट्यूबवरचा मजकूर वाचूनच घ्या.

५. सिलिकॉन केबलभोवती उतरत्या शंकूसारखं लावा आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने दाबून बसवा. ते हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत वाळतं, २४ तासांत साधारण २ ते ३ मिलिमीटर. म्हणून एकदाच जाड गोळा थापू नका, दोन पातळ थर द्या.

६. पूर्ण वाळल्यावर त्यावर स्वतःशीच चिकटणारी सिलिकॉन टेप ओढून, निम्मी एकमेकांवर येईल अशी गुंडाळा. साधी इन्सुलेशन टेप पाण्यात सुटते आणि चिकट घाण मागे ठेवते.

केबलच्या तोंडाशी इपॉक्सी लावण्याचा मोह होतो, कारण ती टणक आणि भक्कम वाटते. पण केबल सतत हलत असते, इपॉक्सी हलत नाही. थोड्याच दिवसांत दोन्हींच्या मध्ये फट पडते. इपॉक्सीची जागा कवचावरच्या भेगांमध्ये. तिथे ती छान बसते, फक्त लोखंडाची किंवा अॅल्युमिनियमची पूड घातलेली इपॉक्सी घेऊ नका, नाहीतर कॉइल स्वतःलाच शोधत बसेल. थर पातळ ठेवा. इपॉक्सी घट्ट होताना तापते आणि जाड गोळ्याची उष्णता आतल्या गुंडाळीची जागा हलवू शकते. सुपरग्लू ठिसूळ असतो, एका आपटण्यात निघून येतो.

भेग रुंद करायला ड्रिल चालवण्याचा सल्ला काही जण देतात. गुंडाळी कवचाच्या अगदी आतल्या कडेने गेलेली असते. ड्रिल लांब ठेवलेलंच बरं.

कनेक्टर

कनेक्टरमध्ये ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी असेल तर ती काढून पाहा. चपटी झाली असेल, तडे दिसत असतील तर बदला. वाळूचा एक कण आणि केसाचा एक तुकडाही सील मोडायला पुरतो. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, ओ-रिंग फक्त चमकली पाहिजे. साध्या रबरी ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस चालतं, पण ओ-रिंगच सिलिकॉनची असेल तर त्याच ग्रीसने ती फुगू शकते. पेट्रोलियम जेली लावू नका, काही प्रकारचं रबर तिने फुगतं. ग्रीस पिनांवर जाऊ देऊ नका. पिना ओल्या झाल्याच तर अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या.

कनेक्टरजवळ केबलला खालच्या बाजूने एक छोटा झोल द्या. केबलवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी जमून गळून पडतं, कनेक्टरपर्यंत चढत नाही. कॉइल काढून ठेवली असेल तेव्हा दोन्ही तोंडांना टोपण हवंच.

कव्हरचा दगा

कॉइलच्या खालचं प्लास्टिकचं कव्हर घासण्यापासून वाचवतं, पाण्यापासून नाही. उलट त्यात आणि कॉइलमध्ये पाणी, वाळू आणि काळी चुंबकीय रेती साठते. ही रेती हलली की खोटे सिग्नल येतात आणि आपण कॉइल बिघडल्याची काळजी करत बसतो. कव्हर कडेने सिलिकॉन लावून कायमचं चिकटवणारेही आहेत. मला ते पटत नाही. एक ना एक दिवस पाणी आत जातंच आणि मग बाहेर पडायला त्याला जागा राहत नाही. दर फेरीनंतर कव्हर काढा, धुवा, वाळवा.

काम संपल्यावर

खाऱ्या पाण्यातून आल्यावर कॉइल आधी गोड्या पाण्याने धुवा, वाळवणं त्यानंतर. पाण्याची धार हलकी हवी. जोराच्या फवाऱ्याने पाणी नको तिथे शिरतं. खालचा दांडा पोकळ असेल तर तो उभा धरून पाणी काढून टाका. पुसून, सावलीत, हवेशीर जागी टांगा, केबलचं तोंड खाली येईल असं. ओली कॉइल बॅगेत कोंबू नका.

बिनतारी कॉइलमध्ये बॅटरी आत असते आणि चार्जिंगचे संपर्कबिंदू उघडे असतात. ते ओले असताना चार्जर लावला की गंज झपाट्याने चढतो. शिवाय या कॉइलचा २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ पाण्यातून जात नाही. बुडवायची असेल तर दांड्यावरून जाणारी अँटेनाची तार लागते, ती नसताना मशीन गप्प झालं तर कॉइल खराब झाली असं समजू नये.

तरीही पाणी गेलंच तर

आधी खात्री करा. ओली खारी वाळू स्वतःच मशीनला बडबड करायला लावते, जवळची वीजवाहिनीही तेच करते. कॉइल पुसून, कव्हर काढून, कोरड्या जागी, तारांपासून लांब हवेत स्थिर धरा. मग केबल न हलवता कॉइल हळूहळू तिरकी करा. तिरपेपणाबरोबर आवाज बदलला तर पाणी असण्याची शक्यता मोठी. केबल हलवल्यावरच आवाज आला तर दोष केबलचा किंवा कनेक्टरचा. ओला हात कॉइलजवळ नेल्यावर आवाज आला तर शील्ड दुखावलं आहे.

मल्टिमीटर लावायचा तर फक्त साध्या ओहम मोडवर, आणि आलेला आकडा त्याच मॉडेलच्या चांगल्या कॉइलशी ताडून पाहा. शील्ड आणि गुंडाळीचं एक टोक मुळातच जोडलेलं असू शकतं, त्यामुळे तिथे जोड दिसला म्हणून शॉर्ट झाला असं नाही. इन्सुलेशन तपासायचा उच्च व्होल्टेजचा मेगर कधीच लावू नका, काही कॉइलमध्ये आतच इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं.

वाळवताना ओव्हन, हीटर, हेअर ड्रायर यांपैकी काहीही नको. फोम फुगतो, इपॉक्सी सुटते, नल बिघडतो आणि मग कोरडी कॉइलही निरुपयोगी ठरते. गळतीची जागा खाली येईल अशी कॉइल दिवसभर टांगा. मग झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात भरपूर सिलिका जेलसोबत ठेवा. रंग बदलणारे दाणे असतील तर ते कधी भरले ते कळतं. ते १२० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा वापरता येतात, अर्थात कॉइल बाहेर काढून ठेवूनच. खारं पाणी आत गेल्याची खात्री असेल आणि गळतीची जागा मोठी असेल, तर वाळवण्याआधी डिस्टिल्ड पाण्याने आतून खंगाळावं लागतं, नाहीतर मीठ तिथेच बसतं. रोज वजन करा. आठवडा, दोन आठवडे, प्रसंगी त्याहून जास्त लागतात. वजन मूळ आकड्यावर येऊन सलग तीन दिवस तिथेच राहिलं की मगच सीलंट उघडा.

सील केल्यावर बुडबुड्यांची चाचणी पुन्हा घ्या आणि पहिल्या काही वेळा घोट्याभर पाण्यापलीकडे जाऊ नका, परतल्यावर वजन करत राहा. वजन मूळ आकड्यावर येऊनही खोटे सिग्नल कायम राहिले तर शील्ड किंवा गुंडाळीच गेली आहे. अशी कॉइल उघडून घरी दुरुस्त करण्यात अर्थ नाही, कारण नल पुन्हा जुळवायला ऑसिलोस्कोप आणि पुष्कळ सराव लागतो. तिथे नवी कॉइल घेणंच स्वस्त पडतं.